हरणारा संघ मागून घ्या

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ प्रशिक्षक म्हणून यथातथाच होते. १८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत त्यांनी हा खेळ बेतला, पुढे ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेला असा प्रशिक्षक कॅन्ससच्या इतिहासात दुसरा नाही. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे त्यांनी आपले शिष्य ‘फॉग’ अ‍ॅलन यांना बजावल्याची गोष्ट अमेरिकेत आजही सांगतात. अ‍ॅलन यांनी गुरूचे ऐकले नाही आणि बास्केटबॉल शिकवणे हाच पूर्णवेळचा व्यवसाय केला. अ‍ॅलन यांच्या हाताखाली डीन स्मिथ खेळले, स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायनात लॅरी ब्राउन यांना घडवले आणि ब्राउन यांच्याकडे शिकायला गेले ग्रेग पॉपोविच. गाण्यातल्या घराण्यासारखीच ही परंपरा आहे, फक्त तिच्या मूळ पुरुषाचाच शिकवण्यावर विश्वास नव्हता.

हा लेख विशी-तिशीतल्या अशा वाचकांसाठी आहे, ज्यांचे खेळणे थांबले आहे किंवा थांबत आले आहे आणि ज्यांना आता प्रशिक्षक म्हणून उभे राहायचे आहे. त्यांना मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. पहिल्या आठ-दहा वर्षांत नामांकित संघाच्या बाकावरची शेवटची खुर्ची मिळवण्यासाठी धडपडू नका. ज्या संघाची सगळी जबाबदारी तुमच्या एकट्यावर पडेल आणि ज्याच्या हरण्याची वर्तमानपत्रात ओळही छापून येणार नाही, असा संघ शोधा आणि तो मागून घ्या. सल्ला उफराटा वाटेल. पण या व्यवसायातील सर्वांत यशस्वी माणसाची पहिली वर्षे नीट पाहिली, तर त्यामागचे कारण दिसते.

अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये साखळी सामन्यांत सर्वाधिक विजय पॉपोविच यांच्या नावावर आहेत, १,४२२. सॅन अँटोनियो स्पर्सला त्यांनी १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदे मिळवून दिली. १९९८ ते २०१९ या काळात सलग २२ हंगाम हा संघ बाद फेरीत पोहोचला. आता याच माणसाचा आधीचा काळ पाहा. १९७० साली ते अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतून पदवीधर झाले, विषय होता सोव्हिएत अभ्यास. सैन्यदलाच्या संघातून ते खेळले, १९७२ च्या ऑलिंपिक संघासाठीच्या चाचणीला गेले, पण निवड झाली नाही. मग आपल्याच अकादमीत सहा वर्षे सहायक प्रशिक्षक. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी पोमोना आणि पिट्झर या दोन छोट्या महाविद्यालयांच्या संयुक्त संघाची सूत्रे त्यांनी घेतली. हा संघ महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेच्या तिसऱ्या श्रेणीतला. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे चांगला खेळाडू ‘आणता’ येत नाही. आधी अभ्यासासाठी प्रवेश घेतलेली मुले, त्यातून ज्याला खेळायचे तो खेळणार. पहिल्या हंगामात दोन विजय, बावीस पराभव. त्यातला एक पराभव कॅलटेककडून झाला. शास्त्रज्ञ घडवणारी ही संस्था आपल्या गटात सलग ९९ सामने हरलेली होती, आणि तिची ती मालिका पॉपोविच यांच्या संघाने संपवून दिली. पत्नी आणि दोन मुलांसह ते काही काळ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहत होते. १९८६ साली संघाने गटाचे विजेतेपद मिळवले, तब्बल ६८ वर्षांनी. तरीही तिथल्या आठ हंगामांचा हिशेब ७६ विजय आणि १२९ पराभव असाच राहिला.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचावा. आठ हंगामांत एवढे पराभव घेणारा माणूस दुसऱ्या कुठल्या ठिकाणी टिकला असता? एनबीएत तर सोडाच, पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठातही तिसऱ्या वर्षी त्याला निरोप मिळाला असता. लहान जागेचा पहिला फायदा हाच की तिथे चूक स्वस्त पडते. बचावाची एखादी पद्धत महिनाभर राबवायची, ती आपल्या मुलांना पेलत नाही हे कळले की मोडायची आणि दुसरी बसवायची, हे नोकरीची भीती नसेल तरच जमते. दुसरा फायदा जबाबदारीचा. मोठ्या संघातल्या कनिष्ठ सहायकाकडे कामाचा एक तुकडा असतो. तो प्रतिस्पर्ध्याचे चित्रण कापतो, नेमबाजीच्या सरावात चेंडू परत देतो, आकडे लिहितो. टाइम-आउट कधी घ्यायचा, चौथा फाऊल झालेल्या मुलाला आत ठेवायचे की बाहेर काढायचे, परीक्षेच्या आठवड्यात सराव ठेवायचा की सोडायचा, बाकावरून न उठलेल्या बाराव्या मुलाच्या वडिलांना काय सांगायचे, हे निर्णय त्याच्यापर्यंत येत नाहीत. शाळेच्या संघाच्या सरांना मात्र हे सगळे एका संध्याकाळी ठरवावे लागते आणि त्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसतो. निर्णय घेण्याची सवय दुसऱ्याचे निर्णय पाहून लागत नाही. हा माझा पूर्वग्रह म्हणा हवे तर, पण वर्षानुवर्षे उत्तम सहायक राहिलेली माणसे मुख्य खुर्चीत बसताच गोंधळलेली अमेरिकेतल्या लीगमध्ये वारंवार दिसतात, आणि त्याचे दुसरे पटेल असे कारण मला सापडलेले नाही.

अर्थात, लहान संघ घेतला म्हणजे आपोआप शिकणे होत नाही. दहा वर्षे तीच कवायत करून घेणारे सर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून या वर्षांत काही सवयी मुद्दाम लावून घ्याव्या लागतात. प्रत्येक सरावाचा आराखडा आधी कागदावर असावा, कोणत्या कवायतीला किती मिनिटे, तिचा हेतू काय, आणि सराव संपल्यावर त्याच कागदाच्या मागे प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे. सामन्याचे चित्रण आज मोबाईलवर होते. ते पाहताना आधी स्वतःकडे पाहावे, समोरच्या संघाकडे नंतर. आपला संघ सलग आठ गुण गमावत होता तेव्हा आपण काय करत होतो, पंचांशी वाद घालत होतो की पाहत होतो? एका हंगामात एकच मोठी गोष्ट शिकवावी. यंदा मागे परतून बचाव लावणे, पुढच्या वर्षी चेंडूविना हालचाल. सगळे एकदम शिकवणाऱ्याच्या संघाला अखेरच्या दोन मिनिटांत काहीच आठवत नाही. आणि बास्केटबॉलखेरीज काहीतरी वाचत राहावे. पॉपोविच खेळाडूंशी राजकारणावर, इतिहासावर बोलत. स्पर्सच्या संघात अर्जेंटिना, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथून आलेले खेळाडू एकत्र नांदले, त्यामागे परक्या देशांबद्दलचे हे कुतूहल नक्कीच असावे.

त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वांत अनुकरणीय आहे, आणि तिच्याकडे फार कमी जण पाहतात. १९८६ साली गटविजेते झाल्यावर लगेच त्यांनी वर्षभराची अभ्यासरजा घेतली. त्या वर्षात ते आधी नॉर्थ कॅरोलायनात डीन स्मिथ यांच्याकडे आणि मग कॅन्ससला लॅरी ब्राउन यांच्याकडे राहिले. मुख्य प्रशिक्षक असलेला, नुकताच जिंकलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या मैदानाच्या कडेला वही घेऊन बसला. वेळ महत्त्वाची आहे. अकादमीतून बाहेर पडल्या पडल्या ते स्मिथ यांच्याकडे गेले असते, तर नुसत्या चाली टिपून आले असते. सात हंगाम स्वतः संघ चालवल्यावर गेल्यामुळे त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न होते. रजा संपवून ते पुन्हा आपल्या छोट्या संघाकडे आले. त्याच हंगामात त्यांनी कॅन्ससविरुद्ध सामना खेळायला संघ नेला आणि ९४-३८ असा मार खाल्ला. १९८८ मध्ये ब्राउन यांच्या कॅन्ससने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, ब्राउन स्पर्सकडे गेले आणि जाताना त्यांनी पॉपोविच यांना सहायक म्हणून सोबत नेले. आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका किंवा आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षण वर्ग करायचे असतील, तरी हाच क्रम शक्य तिथे पाळावा. तीन-चार वर्षे संघ चालवून मग गेलात, तर वर्गातल्या प्रत्येक तासाला तुमच्याकडे विचारण्यासारखे काहीतरी असेल. नोकरीच्या अटीसाठी पदविका आधी करावी लागली तर करा. पण शिकणे तिथे पूर्ण झाले असे समजू नका.

आता आक्षेपांकडे वळतो. जाणकार वाचक लगेच एरिक स्पोएल्स्ट्रा यांचे नाव घेईल. १९९५ साली ते मायामी हीटच्या चित्रण विभागात लागले, १३ वर्षांनी २००८ मध्ये त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदे त्यांनी जिंकली. माइक ब्युडेनहोल्झर यांनीही १९९४ मध्ये स्पर्सच्या चित्रण विभागातूनच सुरुवात केली आणि २०२१ मध्ये मिलवॉकीला विजेते केले. मग मोठ्या संघाचा कोपरा वाईट कसा? तो वाईट नाही, दुर्मिळ आहे. तो कोपरा मिळाला तर सोडू नका. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. या दोघांना ज्या माणसांनी वाढवले, त्या पॅट रायली आणि पॉपोविच यांनी आपल्या हाताखालच्यांना टप्प्याटप्प्याने खरे काम सोपवले, आणि असा वरिष्ठ मिळणे नशिबाचा भाग आहे. दुसरे, अशा कोपऱ्यात पोहोचण्याआधीच स्पोएल्स्ट्रा जर्मनीतल्या कनिष्ठ लीगमध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून राहिलेले होते. निक नर्स यांचा मार्ग तर माझ्या मुद्द्याला जास्तच जवळचा आहे. ब्रिटनमधल्या लीगमध्ये कित्येक वर्षे, मग अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये दोन वेगवेगळ्या संघांना विजेतेपद, आणि त्यानंतर २०१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्स. अकरा एनबीए विजेतेपदे मिळवणाऱ्या फिल जॅक्सन यांनीही आधी ऑल्बनीसारख्या शहरात दुय्यम लीगचा संघ सांभाळला होता.

दुसरा आक्षेप खेळाडूंकडून येतो. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्याने पुन्हा शाळेपासून का सुरुवात करायची? मॅजिक जॉन्सनपेक्षा बास्केटबॉल अधिक कळलेले खेळाडू फार थोडे. १९९४ मध्ये हंगाम संपत आला असताना लेकर्सने त्याला प्रशिक्षक नेमले. सोळा सामन्यांत पाच विजय, अकरा पराभव, त्यात शेवटचे दहा सलग, आणि त्याने हे काम कायमचे सोडले. ज्याला पुढची चाल आपोआप दिसते, त्याला ती न दिसणाऱ्याला कसे शिकवायचे हे वेगळे शिकावे लागते. उलट उदाहरणेही आहेत आणि ती झाकण्यात अर्थ नाही. लॅरी बर्डने प्रशिक्षणाचा काहीही अनुभव नसताना १९९७ मध्ये इंडियाना पेसर्स घेतले, पहिल्याच वर्षी सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळवला आणि २००० मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले. स्टीव्ह कर यांनी २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सपासून थेट वरूनच सुरुवात केली आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद जिंकले. पण बर्डने आक्रमण आणि बचावाचे तपशील रिक कार्लाइल व डिक हार्टर या अनुभवी सहायकांवर सोपवले होते. कर यांच्या बाकावरही अल्विन जेंट्री आणि रॉन अ‍ॅडम्स यांच्यासारखे मुरलेले प्रशिक्षक होते, शिवाय ते स्वतः फिल जॅक्सन आणि पॉपोविच या दोघांच्या हाताखाली खेळले होते. तारांकित खेळाडूला वरची पायरी मिळू शकते. तिथे उभे राहायला मात्र खालच्या पायऱ्या चढून आलेली माणसे बाजूला लागतात. तुम्हाला असे सहायक नेमून देणारा मालक नसेल, तर त्या पायऱ्या स्वतःच चढाव्या लागतील.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. पॉपोविच यांचे यश म्हणजे टिम डंकन, बाकी काही नाही, असे म्हणणारे अमेरिकेतही आहेत. वस्तुस्थिती अशी की १९९४ मध्ये ते स्पर्सचे महाव्यवस्थापक झाले, डिसेंबर १९९६ मध्ये तीन विजय आणि पंधरा पराभव अशा सुरुवातीनंतर त्यांनी प्रशिक्षक बॉब हिल यांना काढले आणि ती जागा स्वतःच घेतली. हा निर्णय देखणा नव्हता, टीका झाली आणि ती गैर नव्हती. संघाचा प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जखमी होता, संघाने ८२ पैकी ६२ सामने गमावले, आणि त्यामुळेच नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सोडतीत पहिला क्रमांक लागून १९९७ मध्ये डंकन मिळाला. हे निव्वळ दैव. मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण मानू जिनोबिली १९९९ च्या निवडीत ५७ वा होता आणि टोनी पार्कर २००१ मध्ये २८ वा. म्हणजे हे दोघेही बहुतेक सगळ्या संघांच्या हातातून निसटले होते. जिनोबिलीचे धाडसी पास पाहून सुरुवातीला पॉपोविच वैतागत, त्याला आवरू पाहत. पुढे त्यांनीच तो हट्ट सोडला. आणि २००४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचा नायक असलेल्या या खेळाडूला त्यांनी बाकावरून उतरणारा सहावा खेळाडू व्हायला राजी केले. दैवाने डंकन दिला हे खरे, पण जिनोबिलीला बाकावर बसायला राजी करणे दैवाच्या हाती नव्हते. शिष्यवृत्तीचा धागा नसलेल्या, मनात आले तर उद्या सोडून जातील अशा मुलांना आठ वर्षे समजावून खेळवण्यातून ते कसब आले असावे, असा माझा तर्क आहे.

याच संदर्भात २०१३ ची अंतिम फेरी अभ्यासावी. सहाव्या सामन्यात स्पर्स विजेतेपदापासून काही सेकंदांवर होते. त्या घडीला पॉपोविच यांनी डंकनला बाकावर बसवले होते. मायामीच्या ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, रे अ‍ॅलनने कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका साधला, सामना लांबला आणि स्पर्स तो हरले, मग सातवाही. पुढच्या हंगामाच्या शिबिरात त्या पराभवाचे चित्रण सगळ्यांसमोर लावले गेले. २०१४ च्या अंतिम फेरीत त्याच मायामीला त्यांनी पाच सामन्यांत संपवले, तेही एका खेळाडूच्या जोरावर नव्हे तर चेंडू इतका फिरवून की बचाव कोणाला धरावा हेच मायामीला कळेना. पराभवानंतर स्वतःचा निर्णय पडद्यावर मांडता येणे ही सवय आहे. ती सव्विसाव्या वर्षी आंतरशालेय सामन्यात लावून घेतली नाही, तर साठीत अचानक येत नाही. तसाच वरिष्ठांच्या नाराजीचा मुद्दा. नोव्हेंबर २०१२ मध्ये थकलेल्या डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना त्यांनी मायामीतल्या सामन्याआधी घरी पाठवले आणि लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. आपल्याकडे दंड होणार नाही, पण मुरगळलेल्या घोट्याच्या मुलीला उपांत्य सामन्यात खेळवा म्हणून मुख्याध्यापक किंवा पालक दबाव आणतीलच. तिला बसवण्याचे बळ तुमच्यात हवे.

राहिला पोटाचा प्रश्न, आणि इथे अमेरिकेचे उदाहरण सरळ उचलता येत नाही. तिथे महाविद्यालये, दुय्यम लीग आणि एनबीए अशी पगारी शिडी आहे. भारतात व्यावसायिक लीगचे प्रयोग झाले, होत आहेत, पण त्या शिडीच्या बऱ्याच पायऱ्या अजून बसलेल्या नाहीत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांसारख्या संस्थांचे संघ खेळाडूंना नोकरी देतात. शाळा-महाविद्यालयांत प्रशिक्षकाला बहुधा मानधन मिळते, तेही तुटपुंजे. म्हणून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन क्रीडाशिक्षकाची नोकरी पाहणे हा पळपुटेपणा नाही. पॉपोविच यांनीही अकादमीत असताना डेन्व्हर विद्यापीठातून शारीरिक शिक्षण आणि क्रीडाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती, आणि पोमोनात ते प्रशिक्षक असण्याबरोबर अध्यापकही होते. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. एकाच शाळेत राहिलात तर एक मूल तुमच्या हाताखाली सहा-सात वर्षे वाढू शकते. इतका सलग काळ एनबीएतल्या बहुतेक प्रशिक्षकांना एका खेळाडूसोबत मिळत नाही. मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीत हा खेळ पिढ्यान् पिढ्या टिकला, तोही अशा संध्याकाळी मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसांमुळेच. आणि लहान जागेतून आलेला माणूस आपल्याकडेही काय करू शकतो हे पाहायचे तर जुलै २०१४ आठवा. वुहानला आशिया चषकात भारताने चीनला ६५-५८ असे हरवले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते स्कॉट फ्लेमिंग. अमेरिकेतल्या छोट्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवून, दुय्यम लीगमध्ये सहायक राहून ते इथे आले होते.

या कामाची किंमत शरीर आणि घर दोघांनाही मोजावी लागते. संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस मैदानाचे होतात. लग्न ठरवताना हे आधीच स्पष्ट सांगावे, नंतर सांगून उपयोग नाही. २ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या पंच्याहत्तरीत, पॉपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला. हंगामाचे पाच सामने झाले होते. उरलेले ७७ सामने सहायक मिच जॉन्सन यांनी चालवले, आणि मे २०२५ मध्ये पॉपोविच पायउतार झाल्यावर तेच मुख्य प्रशिक्षक झाले. जॉन्सनही स्पर्सच्या ऑस्टिनमधल्या दुय्यम संघातून वर आलेले. याच बाकावरून ३० डिसेंबर २०२० रोजी, पंचांनी पॉपोविच यांना बाहेर काढल्यावर, बेकी हॅमन यांनी संघ चालवला होता. एनबीएच्या साखळी सामन्यात मुख्य प्रशिक्षकाची जागा घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. दोन्ही वेळा बाकावर तयार माणूस होता, कारण त्याला आधीपासून निर्णय घेऊ दिले जात होते. तुमच्या संघाला सहायक म्हणून एखादा माजी विद्यार्थी मिळाला, तर त्याला फक्त शिट्टी आणि चेंडूंची पिशवी देऊ नका. हंगामातला एक साखळी सामना त्याच्याकडे सोपवा, खेळाडूंचे बदल आणि टाइम-आउट त्यालाच ठरवू द्या, आणि तुम्ही बाकाच्या टोकाला बसून सामना संपेपर्यंत मध्ये बोलू नका.